नऊ मिनिटांत साठ घोडे

"मागे सरा सगळे! इंजिन श्वास घेतंय!"

डॉक्टर रॅन्स कॉडिल गरजला आणि शेडमधली पन्नास-साठ माणसं खरोखर दोन पावलं मागे सरली. हा डॉक्टर नेमका कशाचा, हे टार्न क्रीक गावात अजून कोणी विचारलं नव्हतं. डोळे मिटलेले, एक हात बॉनेटवर, कानांवर हे एवढे मोठे हेडफोन. हेडफोनची वायर त्याच्या खिशात शिरली होती आणि तिथून पुढे कुठेच जात नव्हती. हे एकट्या वेंडेल हाउगनला दिसलं. आणि नेमकी गाडी त्याच्या मुलीची होती.

सिग्नेने ती गाडी तीन वर्षं खपून उभी केली होती. उद्या रविवारी बेअर टूथ डोंगराची शर्यत होती. बारा मैलांचा चढ, आणि शेवटच्या वळणांना कठडा नाही. आज गाडी रोलरवर बांधली होती. चाकं जागच्या जागी फिरतात, यंत्र ताकद मोजतं, आकडा पडद्यावर येतो. पहिल्या चाचणीचा आकडा नुकताच आला होता, दोनशे चाळीस घोडे, म्हणजे हॉर्सपॉवर.

"या इंजिनाचे व्हॉल्व्ह चालता चालता आपली वेळ बदलतात," डॉक्टर सांगू लागला. "का बदलतात? कारण त्यांना मन आहे! बाकीचे इंजिन जुळवणारे लॅपटॉप घेऊन बसतात. दोन अंश पुढे, दोन अंश मागे, परत चाचणी, परत चाचणी. अरे, लेकरांना असं छळतात का? मी नुसतं विचारतो, बाळांनो, तुम्हाला कधी उघडायचंय?"

"मग काय म्हणाले?" मर्लने भारावून विचारलं. बंद पडलेल्या गाड्या ओढून आणायचा मर्लचा धंदा. त्याने तरी भारावून जायला नको होतं.

"म्हणाले, आजवर कोणी विचारलंच नाही."

मागे कोणीतरी नाक पुसलं.

"आणि हा टर्बो! धुराच्या जोरावर फिरतो, इंजिनात हवा कोंबतो. अंगात रग आहे, पण बिचारा घाबरतो. कारण कंपनीने इंजिनाला एक कान लावून ठेवलाय. जरा खडखड झाली की कान म्हणतो, थांब! हा संशयाचा कान आहे, मंडळी. तो आज आपण बंद करू."

त्याने लॅपटॉपवर चार बटणं दाबली. रोलर फिरला, टर्बोची शिट्टी चढत गेली, शेडचे पत्रे थरथरले आणि पडद्यावर आकडा आला, तीनशे.

नऊ मिनिटांत साठ घोडे! टोप्या हवेत उडाल्या. सिग्ने रडत रडत डॉक्टरच्या गळ्यात पडली. आपल्या गळ्यात ती शेवटची कधी पडली होती, ते वेंडेलला आठवेना.

त्याने दोन्ही चाचण्यांचे कागद उचलले. एकतीस वर्षं त्याने विमानतळाच्या हवामान कचेरीत हवेचा दाब वाचण्यात काढली होती. बारीक अक्षर वाचायची खोड जात नव्हती. पहिल्या कागदाची शेवटची ओळ होती, 'हवेचा गुणक १.००'. दुसऱ्याची, 'हवेचा गुणक १.२५'.

"सिग्ने, हे बघ," त्याने तिला बाजूला घेतलं. "आपण सहा हजार फुटांवर राहतो. हवा विरळ. हीच गाडी समुद्रकाठी असती तर आकडा किती आला असता, तो हिशेब हे यंत्र एका बटणावर करतं. पहिल्या वेळी याने बटण बंद ठेवलं, दुसऱ्या वेळी चालू केलं. दोनशे चाळीसच्या सव्वापट किती? तीनशे! इंजिन आहे तिथेच आहे. त्यातून टर्बो आपली हवा आपणच कोंबून घेतो, त्याला हा गुणक लागूच पडत नाही."

"बाबा, आता टर्बो तुम्ही मला शिकवणार?"

"टर्बो नाही गं, हवा. नऊ मिनिटांत हवा एवढी बदलली असती, तर हे छप्पर जागेवर राहिलं नसतं."

"तुम्ही जन्मभर लोकांना एकच सांगत आलात," ती म्हणाली. "आज उडू नका."

वेंडेलने ते दोन्ही कागद तिच्या हातात कोंबले. मग हातच्या कांकणाला आरसा कशाला, असं म्हणून, तिची गाडी उतरल्यावर, त्याने आपला सव्वीस वर्षांचा पिकअप रोलरवर चढवला. पहिला आकडा शहाण्णव. मग स्वतः जाऊन पडद्यावरचं गुणकाचं बटण दाबलं. बॉनेटला कोणाचं बोटही लागलं नाही. दुसरा आकडा एकशे वीस.

"बघितलंत? कोणी हात लावला? कोणी विचारलं व्हॉल्व्हना?"

सगळे वाकून पिकअपकडे बघू लागले. वेंडेलला वाटलं, झालं, पटलं. मग मर्लचा दबका आवाज आला, "पिकअप नुसता सिग्नेच्या गाडीशेजारी उभा होता... तरी लागू पडलं!"

"लागू पडलं! लागू पडलं!" करायला गेला गणपती आणि झाला मारुती. जो तो आपली गाडी सिग्नेच्या गाडीजवळ आणायला धावला. डॉक्टरने नम्रपणे मान लववली. "मी काहीच केलं नाही. कधी कधी होतं असं."

रविवारी सकाळी वेंडेलने मुलीच्या विनवण्या केल्या. "बाकी राहू दे, निदान तो कान तरी चालू कर." ती ताटातले पॅनकेक तसेच टाकून निघून गेली.

नवव्या वळणावर, दोरीमागे उभ्या वेंडेलला गाडी दिसायच्या आधी ऐकू आली. डब्यात खडे हलवावेत तसा आवाज होता. डॉक्टरने त्या चार बटणांनी ठिणगी वेळेआधी पडेल असं करून ठेवलं होतं. त्यातून मिळाले असतील तर पाच-सहा घोडे. पण इंधन अवेळी पेटत होतं आणि पिस्टनच्या डोक्यावर घण पडत होते. हीच खडखड ऐकून तो कान ठिणगी मागे घेतो आणि इंजिन वाचवतो. कान बंद होता. वेंडेल बेंबीच्या देठापासून ओरडला. दोरीमागचा एक म्हातारा ओरडला म्हणून कुठे गाडी थांबते? शेजारचे लोक त्याच्याकडे बघून हसले.

गाडी त्याच्यासमोरून गेली, धडाका झाला, धूर निघाला. आपल्याच तेलावरून चाकं घसरली, गाडी आडवी फिरली आणि कडेच्या खडीवर थांबली. मागचं एक चाक दरीवर अधांतरी होतं. वेंडेल पळायला गेला आणि दोरीतच अडकला. सिग्ने दुसऱ्या दाराने आपली आपण बाहेर आली, तोवर तो दोरी सोडवतच होता. बापाने इतकं निरुपयोगी असू नये.

मर्लने गाडी ओढून खाली आणली. डॉक्टर तिथे हजर होताच. "इंजिन तयार होतं," तो उसासा टाकून म्हणाला. "पण घरातच संशय होता."

सगळ्यांनी वेंडेलकडे पाहिलं. सिग्नेनेही पाहिलं. मग तिने गाडीच्या खणातून ते दोन कागद काढले आणि शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हवा एवढी बदलली, नऊ मिनिटांत?" तिने विचारलं.

"नऊच," वेंडेल म्हणाला.

पुढच्या शनिवारी डॉक्टरच्या शेडबाहेर चौदा गाड्यांची रांग लागली. फाटकाशी बाप-लेक उभे होते. सिग्नेच्या हातात भोक पडलेला पिस्टन होता.

"माझ्यावर विश्वास ठेवा असं मी म्हणत नाही," ती प्रत्येक खिडकीशी सांगत होती. "विश्वास मी ठेवून बघितलाय. फक्त दोन्ही कागदांची शेवटची ओळ वाचा. गुणक सारखा नसेल, तर वाढलेले घोडे कागदावरचे आहेत. आणि कोणी इंजिनाचा कान बंद करू म्हणालं, तर त्याला विचारा, काय ऐकू येऊ द्यायचं नाहीये?"

एकेक काच वर गेली. कोणी हसलं, कोणी हॉर्न वाजवला. वेंडेलने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला. तिने तो राहू दिला.

रांगेत शेवटी मर्लचा ट्रक होता. त्यानेही काच वर घेतली, अर्ध्यावर थांबवली आणि पुन्हा खाली केली.

"ए पोरी," तो म्हणाला, "कुठली ओळ म्हणालीस?"