नात्याचा रकाना

मयताशी असलेल्या नात्याचा रकाना तेवढा कोरा ठेवून मिस्त्रीने रजेचा अर्ज हेडक्लार्क बाईंच्या टेबलावर सरकवला आणि दाराकडे बघत उभा राहिला, जणू अर्ज दुसऱ्याच कुणाचा होता.

बाईंनी अर्ज वाचला. मग उलटवून मागची बाजूही वाचली, तिथे काही लिहिलेलं नसताना. पाणीपुरवठ्याच्या त्या कचेरीत कोणाचं पोट नेमकं सोमवारीच दुखतं आणि कोणाची कंबर सुट्टीला लागूनच धरते, हे बाईंना तोंडपाठ होतं. पण कागद समोर असल्याशिवाय त्या कुणाला बोलत नसत. त्यांनी कपाटातून मिस्त्रीची फाइल काढली, तिच्यावरची धूळ फुंकली आणि जुने अर्ज पत्ते मांडावेत तसे टेबलावर मांडले. नऊ निघाले.

मिस्त्री बत्तीस वर्षं मीटर-दुरुस्तीच्या खोलीत होता. बंद पडलेले पाण्याचे मीटर यायचे; तो ते उघडायचा, आतली चक्री ब्रशने घासायचा, नळाला जोडून पाणी सोडायचा आणि काटा बरोबर फिरला की सील ठोकायचा. स्वभावाने इतका सरळ, की खोटं बोलायची वेळ आली तर आधी कानच लाल व्हायचे. बत्तीस वर्षांत तो नऊदाच खोटं बोलला होता. नऊही वेळा लेखी.

“तीन काका,” बाई मोजू लागल्या. “दोन मामा. मावशीचे यजमान. एक चुलत आजोबा. आणि ही आत्या. ही एकदा वारली, आणि सहा वर्षांनी पुन्हा वारली.”

मिस्त्रीचे कान लाल झाले.

“पहिली आत्या म्हणजे गायिका होती, बाई.”

“आणि दुसरी?”

“ते क्लॅरिनेट वाजवणारे गृहस्थ होते.”

“मग त्यांना आत्या कशाला केलंत?”

“माझ्याकडचे पुरुष संपत आले होते. घाईत पहिली लक्षात राहिली नाही.”

मग सगळंच बाहेर आलं. रेडिओ केंद्राचा दहा जणांचा एक वाद्यवृंद होता. दर गुरुवारी संध्याकाळी अर्धा तास वाजवायचा, त्या वेळी मिस्त्रीच्या घरात नळसुद्धा कोणी सोडत नसे. पुढे कार्यक्रम बंद पडला आणि एकेक माणूस जाऊ लागला. पेपरात बातमी आली, की मिस्त्री अर्ज लिहायचा, अंत्यविधीला जायचा, गर्दीच्या शेवटच्या रांगेत उभा राहायचा आणि कोणाशी न बोलता परत यायचा. नऊ झाले. आज सकाळी सातव्या पानावर चार ओळी होत्या: व्हायोलिनवाले गेले, दुपारी तीनला घरून नेणार. त्या चारातल्या अडीच ओळी ते ज्या गायिकेला साथ करायचे तिच्याबद्दल. ओळी वाचल्या बायकोने. तिचे गुडघे जिने चढू देत नव्हते, नाहीतर तीच आधी निघाली असती.

बाईंनी चष्मा काढला. मिस्त्रीच्या निवृत्तीला चार महिने होते, आणि नऊ खोटे अर्ज साहेबांपुढे गेले तर ते चार महिने कसे जातील हे दोघांनाही कळत होतं.

“तुम्हाला साडू आहे ना?” बाई म्हणाल्या. “अजून वापरलेला दिसत नाही. आजच खरं बोलायची हुक्की कशी आली?”

मिस्त्रीने साडूचा विचार केला होता. पेन टेकवलंही होतं. पण या माणसाला साडू म्हणवेना. का, ते सांगायला त्याला खुर्चीवर बसावं लागलं.

त्यांना एक मूल झालं होतं, ते अकरा दिवस होतं. त्यानंतर बायको बोलायची थांबली. रडणं नाही, राग नाही, फक्त शब्द नाही. असे काही आठवडे गेले आणि एका गुरुवारी गाणं चालू असताना गायिकेला ठसका लागला. कार्यक्रम थेट चाललेला. ती माइकपासून दूर गेल्याचं ऐकू येत होतं. बाकीची वाद्यं गोंधळून थांबली. व्हायोलिन तेवढं थांबलं नाही. त्याने संधी साधून स्वतःची करामत दाखवली नाही, की घाई केली नाही. ती जिथे सोडून गेली होती तो सूर हलक्या हाताने धरून राहिलं. बऱ्याच वेळाने ती आली आणि तिथूनच पुढे गायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीने तेच केलं. चहा करायचा, कपडे वाळत घालायचे आणि उत्तर द्यावं लागणार नाही असं काहीतरी बोलत राहायचं. कुठल्या मीटरमध्ये गाळ निघाला, कुठल्यात बेडकाचं पिल्लू अडकलं होतं. चार महिन्यांनी भांडी घासता घासता बायको म्हणाली, “बेडूक जिवंत होता का?”

“होता का?” बाईंनी विचारलं.

“होता. मागच्या डबक्यात सोडला.” मिस्त्री म्हणाला. “त्या गुरुवारी ते व्हायोलिन ऐकलं नसतं तर मी तिच्यावर ओरडलो असतो, बाई. नाहीतर घर सोडून गेलो असतो. आमचा संसार त्या माणसाने राखला, आणि त्याला पत्ताही नाही.”

बाईंनी अर्ज सारखे केले. मग म्हणाल्या, चुलत आजोबांसाठी मी अख्खी कचेरी दोन मिनिटं उभी केली होती.

“ते ड्रम वाजवायचे. फार मोठा माणूस. तुम्ही उभ्या राहिलात, मला बरं वाटलं होतं.”

“अहो, पण तुमची किरकोळ रजा दरवर्षी फुकट जाते. तिला कारण लागत नाही. एवढी माणसं मारायची गरज काय होती?”

“कारण होतं ना पण,” मिस्त्री म्हणाला. “माणूस गेलेला असताना कारण नाही असं कसं लिहू?”

यावर बाईंच्या नियमांच्या पुस्तकात काही नव्हतं. त्यांनी नऊ अर्ज फाइलमध्ये घातले, नाडी बांधली आणि दहावा त्याच्यापुढे परत सरकवला. मिस्त्रीने रकान्यात लिहिलं: श्रोता. बाईंनी खाली सही केली, वेळ टाकली, आणि बस चुकेल म्हणून त्याला जवळजवळ हाकलूनच लावलं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं. दहाबारा माणसं असतील. शेवटची रांग धरायला रांगच नव्हती. जो तो गायिकेच्या आठवणी काढत होता. व्हायोलिनवाल्यांच्या मुलीने मिस्त्रीला विचारलं, आपण कोण? बसमध्ये जुळवलेलं वाक्य त्याला आठवेना.

“आभार मानायला आलो. आम्हा नवराबायकोकडून. उशीर झाला.”

मुलीने त्याला आईकडे नेलं. म्हातारीला कमी ऐकू येत होतं, त्यामुळे मिस्त्रीला सगळं मोठ्याने सांगावं लागलं, आणि खोलीतली बाकी बोलणी आपोआप बंद झाली.

“मी यांचं वाजवणं ऐकायचो. गाणं चालू असतानाही यांचंच.”

म्हातारीने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग ती बाकावर सरकली आणि शेजारची जागा हाताने पुसली. मिस्त्री कडेला टेकला.

माणसं येत होती. म्हातारीचा हात हातात घेत होती, मुलीचा घेत होती आणि ओळीने मिस्त्रीचाही घेत होती. एका अनोळखी गृहस्थाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला.

“सांभाळा,” तो म्हणाला.

मिस्त्रीने मान हलवली, आणि हात सोडवून घेतला नाही.