तीनपैकी दोन

माउसच्या पोटातून निघालेला तो कापसाचा पुंजका – नखाएवढा, मळकट, रबरी गोळीशेजारच्या दांडीला गुंडाळून बसलेला – बूथवाल्या विमलताई फुंकर मारून उडवणार, तेवढ्यात कापूस खरेदी केंद्राच्या ग्रेडर सरदारने तो चिमटीत धरला आणि दोन्ही अंगठ्यांमध्ये घेऊन हलकेच ओढला. तंतू एकेक सुटत गेले. धागा अठ्ठावीस मिलिमीटर. कमी नाही, जास्त नाही... शेजारच्या जिनिंग कारखान्यातून उडून, रस्ता ओलांडून, महागावातल्या या एसटीडी बूथमधल्या दोन संगणकांपैकी नेमका डावीकडच्यात शिरलेला कापूससुद्धा आपण ग्रेड केल्याशिवाय सोडत नाही, हे लक्षात येऊन तो स्वतःशीच हसला. सोमवारपासून तो असाच हसत होता. दाढी करतानाही. गालाला ब्लेड लागलं तरी. शेवटी बायकोने, फरीदाने, विचारलंच, "क्या हुआ जी, लॉटरी लगी क्या?"

लॉटरी नव्हे. धनसिंग सापडला होता.

गेल्या सोमवारी विमलताईंनी त्याचं नाव इंटरनेटवरच्या त्या दोस्तांच्या साइटवर चढवलं, तेव्हा त्याचा विश्वास नव्हता. शाळेचं नाव टाकलं की जुने दोस्त वर येतात म्हणे, विहिरीत गळ टाकून हरवलेली बादली काढावी तसे. शाळेच्या नावावर सहा जण वर आले. पाच तर सरदारने शाळा सोडली तेव्हा जन्मलेही नव्हते. सहावा मात्र – टक्कल, मांडीवर नातू, मागे फ्रीज, खाली लिहिलेलं नाशिक – आणि तो डावा कान! गुरुजींनी पिळून पिळून उजव्यापेक्षा अर्धं बोट मोठा झालेला. सहासष्टच्या अकरावीत तो कान सरदारच्या उजव्या खांद्याला लागून असायचा, आणि त्या कानाचा मालक त्याला 'भिया' म्हणायचा. बंजारा तांड्यावरच्या बोलीत भिया म्हणजे भाऊ. सबंध शाळेत पठाणाच्या पोराला भिया म्हणणारा तो एकटाच.

दोस्तीची मागणी पाठवली. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार सरदार रोज येऊन पाहून गेला. केंद्रावर तसं कामच नव्हतं. कापसाचा हंगाम भरात, आणि खरेदी केंद्राच्या आवारात कापसाच्या बैलबंड्यांच्या जागी शेळ्या. जिल्ह्यात त्या वर्षी पाहुणे मात्र – पत्रकार, अभ्यासक – फार यायचे. कापसाला भाव नव्हता, कापसावरच्या अहवालांना होता. नोकरीचे चार महिने उरलेला ग्रेडर त्यांना रिकामं आवार दाखवायचा, ते त्याचा फोटो काढायचे, चहा व्हायचा.

आणि आज दहा वाजता केंद्रातला फोन वाजला. "सरदारभाऊ, लवकर या! तुमच्या दोस्तानं हो म्हटलं!" तो सत्तावन्नाव्या वर्षी बाजारातून पळत आला होता, लोक बाजूला सरकले होते, कुणीतरी "कोन गेलं हो?" असंही विचारलं होतं – आणि नेमका आता माउस अडलेला.

"झाला साफ," विमलताई म्हणाल्या. गोळी आत गेली, झाकण बसलं, पडद्यावरचा बाण सुळकन सरकला. सरदारच्या छातीत काहीतरी सरकलं. मॅट्रिकच्या निकालाला असंच...

"चिठ्ठी लिहिली का त्यानं?"

"चिठ्ठी नाई जी. नुसतं हो म्हटलं." विमलताई पडद्याकडे वाकल्या. "पन हे पाहा. तुमच्या नावापुढे मार्क आले."

"मार्क?"

"असतात ना याच्यात. दोस्त देतात एकमेकांले. हे हसरे चेहरे म्हंजे भरोशाचे – तीनपैकी दोन. हे बर्फाचे खडे म्हंजे थंड डोक्याचे – तीनपैकी तीन. आन हे बदाम..."

"बदाम कायचे?"

"ते राहू द्या, भाऊ. शून्य आहे, आन तुमच्या वयात शून्यच बरं."

"कोनी दिले?"

"ते नाई दिसत. गुप्त असते."

"पन ताई, माझा इथं दोस्तच एक आहे."

विमलताईंनी क्षणभर विचार केला. "मंग काय गुप्त राह्यलं, बाप्पा!"

तीनपैकी दोन.

म्हणजे दुसरा ग्रेड.

...जानेवारी, आठ वर्षांपूर्वीचा. चाळीस बंड्यांची रांग, बैलांच्या तोंडची वाफ, आणि सातवी बंडी धनसिंगची. आदल्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर कुणीतरी मुद्दाम ऐकू येईल असं म्हणालं होतं, "उद्या दोस्ताची बंडी हाय ना जी, पयलाच ग्रेड लागन." त्या वाक्याने सरदारला रात्रभर कूस बदलायला लावली. सकाळी त्याने बंडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घातला – कोरडा, पांढराशुभ्र, पाल्याचा कण नाही, किडकी कवडी नाही, मुठीत धरला तर मुठीबाहेर उमलणारा – आणि हाताला कळलं. हाताला नेहमी आधी कळतं. पहिला ग्रेड. मग त्याने मान वर केली, रांगेतली तोंडं पाहिली, आणि तोंडातून निघालं, "दुसरा."

रांगेत एक समाधानाची कुजबुज गेली. सीधा माणूस. दोस्तालाही सोडत नाही. त्या सव्वीस जानेवारीला सरदारला निःपक्षपातीपणाबद्दल नारळ आणि शाल मिळाली. नारळ फरीदाने सालनात घातला, शाल अजून कपाटात आहे. ती कधी पांघरावीशी वाटली नाही. अंगाला टोचते, असं तो सगळ्यांना सांगतो.

धनसिंग भांडला असता तर बरं झालं असतं. फेरनमुना मागता आला असता, तो त्याचा हक्क होता. त्याने फक्त कासरा हातात घेतला आणि सगळ्यांसारखंच विचारलं, "बंडी खाली करू का वापस नेऊ, साहेब?"

साहेब.

पुढच्या वर्षी तो जमीन मक्त्याने देऊन मुलाकडे निघून गेला. एका ग्रेडने कोणी गाव सोडत नसतं, असं फरीदा म्हणते. ते खरंही असेल. पण फरीदाने तो कासरा पकडलेला हात पाहिला नव्हता.

आणि आता – सरदारला खुर्चीत बसवेना, तो उठला, पुन्हा बसला – आता हे! दोन! एक दिला असता तर राग म्हटलं असतं, तीन दिले असते तर शिष्टाचार. नारळासारखा. पण दोन म्हणजे धनसिंगने कोपरापर्यंत हात घालून पाहिलं होतं, ओलावा तपासला होता, कवडी वेचली होती आणि बरोबर ग्रेड लावला होता. आणि बर्फाचे तीन खडे! त्या सकाळी माझे हात थंडगार होते, हेही त्याच्या लक्षात... तेहतीस वर्षं मी दुसऱ्यांचा माल पाहिला, माझा कोणी पाहिलाच नव्हता. सरदारला मोठ्याने हसावंसं वाटलं. ओरडावंसं. भिया, बरोबर आहे रे, अगदी बरोबर आहे!

"लय मनाले लावून नका घेऊ," विमलताई समजुतीने म्हणाल्या. "त्या मांडीवरल्या नातवानंच दाबलं असन. लेकरं काहीबी दाबतात."

सरदारने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी बाण जागच्या जागी थांबवला. नातू? दोन बोटांचा चाळा? म्हणजे मग मला कोणी काहीच दिलेलं नाही, म्हणजे धनसिंगने नुसतं हो म्हटलं, जसं आपण लग्नाच्या आमंत्रणाला म्हणतो... नाही. नातू नाही. तो दोनदा मनात म्हणाला. नातू नसावा.

"लिहू का मंग, तीन करा म्हनून? एवढा सीधा मानूस तुम्ही."

"नको! बिलकुल नको. असं लिहा..." त्याने खुर्ची पडद्याजवळ ओढली. "ग्रेड मंजूर आहे. बंडी खाली करू का वापस नेऊ, साहेब?"

"बंडी? कोन्ती बंडी?"

"त्याले माहीत आहे. लिहा ना, ताई."

विमलताई एका बोटाने इंग्रजी अक्षरं शोधत मराठी लिहू लागल्या, प्रत्येक शब्द मोठ्याने म्हणत, त्यामुळे बाहेर फोनसाठी थांबलेल्या दोघांनाही बंडीची बातमी कळली. शेवटच्या शब्दाशी त्या अडखळल्या. "दोस्ताले साहेब काहून?"

"एक डाव होऊ द्या त्यालेबी."

चिठ्ठी गेली. विमलताईंनी बाण आता धनसिंगच्या चेहऱ्याखाली नेऊन ठेवला. तिथे तीन हसरे चेहरे रिकामे, राखाडी, वाट पाहत होते. "द्या आता तुम्हीबी मार्क. तुमचं तर कामच हाय हे."

सरदारने माउसवर हात ठेवला. तेहतीस वर्षांत हा हात कधी थांबला नव्हता. त्याने फ्रीज पाहिला, नातू पाहिला, कान पाहिला.

"हात घालून पाहिल्याशिवाय नाही सांगता येत," तो म्हणाला आणि हात काढून घेतला.

"मंग उद्या या. उत्तर काय इतक्यात येते का?"

"थांबतो. रांगेत थांबावंच लागते, ताई."

तो पुंजका अजून चिमटीतच होता. त्याने तो शर्टाच्या खिशात ठेवला, पाय जवळ घेतले आणि पहाटेपासून बंडीवर बसलेली माणसं बसायची तसा, जरा अंग चोरून बसला. ती माणसं अशी का बसतात, हे त्याला कधी कळलं नव्हतं... थंडीने, असं तो समजायचा. आता बूथमध्ये चढतं ऊन आलं होतं, आणि त्याचे हात मात्र, किती दिवसांनी, गरम होते.