सहीपुरती खुर्ची

जनसंपर्क विभागात लागले त्या पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एक नियम माझ्या डोक्यात ठोकून बसवला: ज्याच्या नावाने वाक्य छापायचं, त्याची खाली सही हवी. तिसऱ्या महिन्यात, माझी उमेदवारी संपत आली तेव्हा, त्यांनी मला माझ्याच आईचं वाक्य लिहायला सांगितलं.

आई याच बिस्किटांच्या कारखान्यात पॅकिंगला आहे, बावीस वर्षं. कामगाराची मुलगी आता कंपनीच्या ऑफिसात, अशी बातमी पेपरात द्यायची होती. मी लिहिलं, 'कंपनी म्हणजे माझं दुसरं घरच.' कागद घरी नेला. आईने चष्मा लावून वाचला.

"घरी मी बसते तरी. तिथं आठ तास उभी असते. हे कुणाचं डोकं?"

"माझं," मी म्हटलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिने ते खोडून लिहिलं, 'आम्हाला बसायला स्टूल द्या.' खाली ठसठशीत सही केली.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या कपाळाला आठ्या. "तुझं आधीचं वाक्य मी नव्याने टाइप करून घेतलंय, सही तूच ठोक. आईची सही येत असेलच तुला. फोटोग्राफर आलाय. तुझं कायम झाल्याचं पत्रही तयार आहे, बघ."

पत्र समोरच होतं. त्यासाठी मी जिवाचं रान केलं होतं.

"प्रगतिपुस्तकावर केली होती एकदा, तेव्हा दोन थोबाडीत बसल्या," मी म्हटलं. "आता नाही करणार."

"मग मीच घेतो!" साहेब नवा कागद घेऊन तणतणत पॅकिंगमध्ये गेले. मागे फोटोग्राफर, त्याच्यामागे मी.

आईने हातातला पुडा खाली ठेवला. "करते की सही. पण बसून करते."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. चाळीस बायका, आणि बसायला साधा खोकाही नाही. शेवटी ते स्वतःच केबिनमधली खुर्ची उचलून घेऊन आले, घामाघूम. आई ऐसपैस बसली. पेन घेतलं, कागद वाचला, पेनाला टोपण लावलं.

"आता बाकीच्या एकोणचाळीस आणा."

बायका खो खो हसल्या. पट्ट्यावरून पुडे पुढे सरकत राहिले, पण एकीनेही हात लावला नाही.

"फोटो नको!" साहेब ओरडले.

फोटोग्राफरने माझ्याकडे पाहिलं. पत्र हातचं गेलं, हे मला कळत होतं. मी आईचा कालचा कागद त्याच्यापुढे धरला.

"काढा. वाक्य तिचं आहे, खाली सहीसुद्धा आहे."