घाईने फुगवलेलं जॅकेट

मित्रांनो, एके काळी मी झगझगीत पिवळा होतो. आता माझा रंग शिळ्या वरणासारखा झाला आहे. विमानात सीटखाली लाइफ जॅकेट ठेवलेलं असतं ना, तेच मी.

कारखान्यात मला फुगवून तपासलं, शिक्का मारला आणि घडी घालून पाकिटात कोंबलं. पुढची दहा वर्षं मी एका सीटखाली काढली. मला कसं घालायचं ते हवाई सुंदरी रोज दाखवायची आणि माझ्या डोक्यावर बसलेले प्रवासी खुशाल घोरायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? मुदत संपली तेव्हा मला गुरुग्रामच्या एका प्रशिक्षण केंद्रात धाडलं. तिथल्या तलावात विमानाचा नकली डबा अर्धा बुडवून ठेवला आहे. विमान पाण्यावर उतरलं तर माणसं बाहेर कशी काढायची, ते तिथे शिकवतात.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरची अपूर्वा तिथे हवाई सुंदरी व्हायला शिकत होती. शेवटच्या परीक्षेत नव्वद सेकंदांत सगळे प्रवासी दाराबाहेर काढायचे होते. प्रवासी म्हणून घरच्यांनाच बोलावलं होतं. तिचे वडील विष्णुपंत केंद्र सरकारात अधिकारी. त्यांना ही नोकरीच पसंत नव्हती.

"पाण्यात पडलेल्या विमानातून कोण वाचतं यार?" ते म्हणाले. "नापास झालीस तर बँकेची परीक्षा द्यायची. चलो, ठरलं!"

विष्णुपंत गाडीच्या दोन तास आधी स्टेशन गाठणारे गृहस्थ. मी त्यांच्याच गळ्यात आलो.

"जॅकेट दाराबाहेर पडल्यावरच फुगवायचं," शिकवणाऱ्या पद्मजा मॅडम बजावत होत्या. "आत बिल्कुल नाही."

शिटी वाजली. डब्यात पाणी चढत गळ्याशी आलं आणि विष्णुपंतांनी लगेच माझी लाल दोरी ओढली. मी फसकन फुगलो, माझं कामच ते. पण दारातून जायला डोकं पाण्याखाली घालावं लागे, आणि मी त्यांना खाली जाऊच देईना. त्यांचं डोकं छताला टेकलं. मागचे सगळे खोळंबले.

"अपूर्वा, अडकलो गं मी!"

"बाबा, माझ्याकडे बघा. काही धरू नका." तिने माझ्या नळीची झडप बोटाने दाबून धरली. हवा सुटायला वेळ लागला. मग तिने त्यांना खाली दाबून दाराबाहेर ढकललं, मागच्यांनाही काढलं. घड्याळात एकशे दोन सेकंद झाले होते.

"सगळे बाहेर आले, शाब्बास. पण नापास," मॅडम म्हणाल्या. "सोमवारी फेरपरीक्षा. एकच संधी."

मला इतकी लाज कधी वाटली नव्हती. विष्णुपंत ओल्या कपड्यांनी मॅडमसमोर उभे राहिले. "चूक माझी आहे. सोमवारी मीच प्रवासी होणार."

सोमवारी मला फुगवणाऱ्या गॅसचं नवं छोटं सिलिंडर बसवलं आणि मी पुन्हा त्यांच्या गळ्यात आलो. पाणी कमरेला लागलं, छातीला लागलं. विष्णुपंतांनी दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले होते. त्यांचं काळीज धडधडत होतं, ते मला स्पष्ट कळत होतं. तरी हात सुटले नाहीत. दाराशी अपूर्वाने त्यांच्या खांद्यावर थोपटलं. ते पाण्याखाली डोकं घालून बाहेर पडले, मग दोरी ओढली आणि मी त्यांना अलगद वर उचललं.

चौऱ्याऐंशी सेकंद! अपूर्वा पास झाली. विष्णुपंत काठावर बसून लहान मुलासारखे रडले.

त्या दिवशी माझी शिवण उसवली. आता मी वर्गात खुंटीवर असतो. मित्रांनो, विमानात बसलात की सूचनांचं कार्ड एकदा वाचा. सीटखाली माझं भावंड आहे का, हात घालून बघा. आठवण म्हणून त्याला घरी मात्र नेऊ नका, त्या सीटवर उद्या दुसरं कुणी बसणार असतं. आणि वेळ आलीच, तर हात आवरून दारापर्यंत तेवढे या. पुढचं आम्ही बघतो.