धाकटीची सुट्टी

धाकटी तीन आठवडे घरी पडून होती आणि थोरलीचा नुसता जळफळाट चालला होता. गणवेश शिवायच्या त्या कारखान्यात नियमच तसा: बाई आली नाही की तिचा गठ्ठा शेजारच्या मशीनवर. शेजारची म्हणजे थोरली. स्वतःच्या कॉलरी उरकल्या की बहिणीची काजं. मान मोडून घरी यावं, तर आई धाकटीचे केस विंचरत बसलेली! थोरलीच्या डोक्यावरून आईचा हात शेवटचा कधी फिरला होता, देव जाणे.

"डिप्रेशन म्हणे!" थोरली आईवर डाफरली. "मला काय कमी टेन्शन आहे? मी पण पडू का पसरून?"

"हळू बोल गं, ऐकेल ती."

"ऐकू दे की! कान तरी शाबूत आहेत ना महाराणींचे?"

महाराणींनी ऐकलं. भिंतीकडचं तोंड वळवलं नाही.

त्याच दिवशी सुपरवायझरने विचारलं होतं, "खरंच आजारी आहे का ती? तू सांग. नाहीतर सोमवारपासून तिच्या मशीनवर दुसरी बाई बसवतो." 'नाटकं करते' हे थोरलीच्या अगदी ओठांवर आलं होतं. "उद्या सांगते," म्हणाली खरी.

दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या आधी तिने धाकटीच्या डॉक्टरीणबाईंना गाठलं. धाकटीला दिली तसली आजारपणाच्या सुट्टीची चिठ्ठी तिलाही हवी होती. झोप नाही, चिडचिड, छातीत धडधड, सगळं एका दमात सांगून टाकलं.

"उद्यापासून आठ दिवस सुट्टी मिळाली तर काय कराल?" बाईंनी विचारलं.

"आधी दोन दिवस मेल्यासारखी झोपेन! मग मैत्रिणीकडे जाऊन तिचं डोकं खाईन. मग..." सांगता सांगता तिला हसूच फुटलं.

"हा ताण. ओझं उतरलं की तुम्ही उठून पळाल. दोन दिवसांची चिठ्ठी देते. बहिणीचं ओझं उतरून तीन आठवडे झाले. ती उठली?"

थोरली चिठ्ठी न घेताच परत घरी आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "ए, सुट्टीत काय करावंसं वाटतं गं तुला?"

भिंतीकडून आवाज आला. "सुट्टी कशापासून, ताई?" मग, "ते पिवळं कापड तू घे."

त्या पिवळ्या कापडावरून महिन्यापूर्वी दुकानात दोघी हातघाईवर आल्या होत्या. धाकटीने हिसकावून नेलं, तेव्हापासून थोरली ते डोळ्यांनी गिळत होती. आता ते घडी न मोडता कपाटात पडलं होतं. तिने हातात घेतलं आणि होतं तसंच परत ठेवून दिलं. ही पोरगी भांडतसुद्धा नाही!

कारखान्यात पोचल्या पोचल्या ती सुपरवायझरला म्हणाली, "आजारी आहे ती. मशीनला हात लावायचा नाही कुणी. गठ्ठा टाका माझ्याकडे."

संध्याकाळी आई पुन्हा फणी घेऊन धाकटीपाशी बसली होती. थोरलीचा जीव पुन्हा जळला. हेवा काय असा एका दिवसात जातो? ती धाकटीला टेकून खाली बसली, अंबाडा सोडला आणि म्हणाली,

"तिचं झालं की माझे पण."