वजडीचं ठिगळ

डॉक्टरीणबाईंनी दिलेला तो पांढरट तुकडा पाओरानं आधी उजेडाला धरला, मग बोटांत चोळून पाहिला आणि मी "नको, नको" म्हणेपर्यंत थेट नाकाशी नेला.

"वास नाही," तो म्हणाला. आवाजात चक्क तक्रार होती.

"नसतोच," डॉ. फिनलेसन म्हणाल्या. "मेंढीच्या पोटाचं अस्तर आहे. धुऊन, खरवडून, त्यातलं फक्त कोलॅजेन ठेवतात."

"चार पोटांतल्या पहिल्याचं," पाओरा म्हणाला. "आणि खरवडणाऱ्याचा हात चांगला आहे."

मी कपाळाला हात लावला. नवऱ्याच्या नडगीचं हाड सहा दिवस उघडं पडलंय, पाय ठेवायचा की गुडघ्याखाली कापायचा ते ठरायचंय, आणि हा बाबा मालाची पारख करतोय. पण करणारच. एकतीस वर्षं तो मटणाच्या कारखान्यात वजडीच्या खात्यात होता. तिथे सुरी चालवणारे खाटीक म्हणजे राजे, आणि वजडी धुणारे सगळ्यांच्या शेवटी. डबे खायच्या खोलीत यांचं टेबल वेगळं असायचं. तसा नियम कोणी केला नव्हता, वासानंच केला होता. मीसुद्धा त्याला मागच्या मोरीत अंघोळ केल्याशिवाय घरात घेत नसे. माहेरी तर लग्नात मी "खाटीक आहे" असं ठोकून दिलं होतं, आणि ते तसंच चालू राहिलं. पाओराला मात्र कशाचं काही नव्हतं. सकाळी गाणी म्हणत जायचा, संध्याकाळी गाणी म्हणत यायचा.

सहा दिवसांपूर्वी जळणाच्या लाकडांनी भरलेला ट्रेलर घसरला आणि त्याच्या नडगीची कातडी सोलून गेली. डॉक्टर म्हणाल्या, उघड्या हाडावर कातडी थेट लावली तर धरत नाही. आधी हे ठिगळ शिवायचं. त्यात तीन आठवड्यांत त्याचं स्वतःचं मांस भरून येईल, मग मांडीची पातळ कातडी वर लावायची. ठिगळ धरलं नाही, तर पाय जाणार.

"पोटात घालायची वस्तू अंगावर शिवायची?" कोपऱ्यातून आवाज आला. माझी नणंद, रोइमाता. वय चौऱ्याहत्तर, पिशवी मांडीवर, पाठ ताठ.

तिचंही चूक नव्हतं. आम्ही माओरी माणसं अंगाचं आणि अन्नाचं कधी एकत्र करत नाही. उशीवर ताट ठेवायचं नाही, जेवणाच्या टेबलाला बूड लावायचं नाही, बशा पुसायचं फडकं अंगाच्या कपड्यांबरोबर धुवायचं नाही. माझ्या लग्नानंतर पहिलं भांडण याच फडक्यावरून झालं होतं, आणि तेही हिच्याशीच.

"ताई नको म्हणाली तर नको," पाओरा म्हणाला. आई गेल्यावर याला हिनंच वाढवला होता.

माझं डोकं फिरलं. "पाय तुझा आहे की ताईंचा?"

"तू गप गं एराना," तो म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "ताई, एकतीस वर्षांत मी हे कधी तोंडात घातलं नाही. नुसतं धुतलं. खाण्याआधी लोक काय करतात ते मला माहीत नाही. माझ्याकडे होतं तोवर ते अन्न नव्हतं, काम होतं."

रोइमातानं पिशवीचा बंद पिळला. "प्रार्थना मी म्हणेन," ती शेवटी म्हणाली. "त्याशिवाय टाका घालायचा नाही."

"जरूर म्हणा," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्याकडे हे रोजचंच होतं.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ठिगळाचं सीलबंद पाकीट ट्रेमध्ये ठेवून पाओराच्या खाटेजवळ आणलं. आम्ही माना खाली घातल्या. रोइमातानं ट्रेवर हात धरला, डोळे मिटले आणि तिचा तो खणखणीत आवाज सुरू झाला. दुसऱ्या ओळीला मला काहीतरी खटकलं. तिसऱ्या ओळीला कळलं. पन्नास वर्षं मराएच्या, म्हणजे आमच्या सभाघराच्या, स्वयंपाकघरात पाहुण्यांच्या ताटांवर हात धरून जी म्हटली, तीच प्रार्थना बाई म्हणत होत्या. "हे अन्न दिलंस, याने आमच्या देहाचं पोषण होवो."

"आमेन," नर्स सवयीनं म्हणून गेली.

रोइमातानं डोळे उघडले, ट्रेकडे पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला.

"ताई," पाओरा म्हणाला, "मीठ पण मागव." आणि खाट हलेपर्यंत हसला.

तिला हसू आलं नाही. तिनं खरी प्रार्थना म्हटली, पण जी चूक टाळायला ती आली होती, ती तिच्याच तोंडून झाली होती. त्याला आत नेल्यावर ती मला म्हणाली, "पाय गेला तर माझ्यामुळे गेला म्हण." इतक्या वर्षांत मला तिची दया कधी आली नव्हती, त्या दिवशी आली.

पुढचे तीन आठवडे ती आमच्याकडे फिरकली नाही. रोज फोन करायची, "धरलं का?" एवढंच विचारायची आणि ठेवायची. माझ्या भावाचाही फोन आला. पाओराला काय शिवलंय ते सांगता सांगता मी म्हणून टाकलं, "हे बघ, तो खाटीक नव्हता. वजडी धुवायचा. आणि चांगली धुवायचा."

"माहीत आहे गं," भाऊ म्हणाला. "लग्नातच वास आला होता."

शेवटी मोठं ड्रेसिंग उघडायचा दिवस आला. रोइमाता दवाखान्यापर्यंत आली, पण दाराबाहेरच थांबली. पाओरा खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर, पाय स्टुलावर. डॉक्टरांनी एकेक थर सोडवला. मला बघवत नव्हतं तरी बघितलं. हाड दिसेना. जिथे हाड होतं तिथे लालभडक, बारीक दाण्यांचं, ओलं मांस होतं. डॉक्टरांनी हलकेच कापूस टेकवला, त्याला ताजं रक्त लागलं, म्हणजे मांस जिवंत होतं, आणि त्या पहिल्यांदाच मोकळं हसल्या.

"पाय राहिला," त्या म्हणाल्या.

मी रडले. लाज कसली त्यात.

पाओरा वाकून बघत होता. "ते ठिगळ कुठे गेलं?"

"बरंचसं संपलं. शरीर ते हळूहळू पचवतं आणि त्या जागी स्वतःचं मांस घालतं."

"पचवतं?"

"तसंच म्हणायला हवं."

पाओरानं दाराकडे तोंड केलं. "ताई, आत ये. तुझी पहिलीच प्रार्थना बरोबर होती. पायानं खाल्लं ते."

ती आली. भिंतीला धरून उभी राहिली आणि जखमेकडे पाहत राहिली. नर्सची नवीन पट्टी बांधून झाली तरी तिची नजर तिथेच होती. भिंतीवरचा हात तिनं काढला नव्हता, ते मी पाहिलं. पाओरानंही पाहिलं.

"थोडं उभं राहिलं तर चालेल ना?" त्यानं विचारलं.

"दोन मिनिटं. भार हळू टाका," डॉक्टर म्हणाल्या.

माझ्या खांद्यावर हात टाकून त्यानं आधी टाच टेकवली, मग चवडा, आणि उठला. खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"बस, ताई."

"वेडा आहेस का? बस खाली."

तो बसला नाही. मग ती बसली. पिशवीतून रुमाल काढून तिनं डोळे पुसले, नाक पुसलं, रुमालाची नीट घडी घातली, आणि तोवर तो दोन्ही पायांवर तिच्या शेजारी उभा होता.