राजसीची ब्राह्मी

गेल्या वर्षी बदलापूरच्या शाळेतून जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनाला शलाका गेली होती. यंदा मात्र सगळ्यांच्या तोंडी एकच नाव, राजसी! नववीत अंबरनाथहून आली काय, माधवी मॅडमची लाडकी झाली काय! शलाकाचा नुसता जळफळाट.

त्यात राजसीच्या प्रयोगाला लागणारी ब्राह्मी शलाकाच्याच घरची. बारवी धरणाकडे त्यांची भातशेती, बांधावर ब्राह्मी ही माजलेली. "आणशील ना गं, प्लीज?" राजसीने म्हणायचा अवकाश, ही बावळट पिशवी भरून घेऊन आली.

राजसीचा प्रश्न साधा होता. ब्राह्मीने पाठांतर सुधारतं म्हणतात, पण खरंच का? घरून परवानगी आणलेल्या मुलींचे तिने दोन गट केले. एका गटाला ब्राह्मीचं सरबत, दुसऱ्याला तसंच दिसणारं खोटं. कुणाला कुठलं, हे फक्त मॅडमना ठाऊक, राजसीलाही नाही. दिवाळीनंतर रोज मधल्या सुट्टीत झाकणभर प्यायचं. सुरुवातीला शब्द पाठ करायची परीक्षा, नाताळच्या आधी पुन्हा एकदा, नव्या शब्दांची.

पहिल्याच घोटाला शलाकाचं तोंड कडू झालं आणि डोळे चमकले. आपल्या बांधावरची चव आपल्याला नाही कळणार? म्हणजे आपण ब्राह्मीवाल्या! झालं, प्लॅन शिजला. दुसऱ्या परीक्षेत सगळं येत असूनही तिने जेमतेम तीन शब्द लिहिले. ब्राह्मी पिऊन मुलगी ढ झाली म्हटल्यावर राजसीचं प्रोजेक्ट झोपलंच की!

निकालाच्या दिवशी मॅडमनी गट सांगितले. "शलाका, तू खोट्या सरबतात."

"काय? पण कडू होतं!"

"कारल्याचा रस गं. नाहीतर तू ओळखलं नसतंस?"

शलाकाचा चेहराच उतरला. तिच्या तीन शब्दांनी खोट्या सरबताचा गट खाली ओढला होता आणि ब्राह्मीचा गट आपोआप वर दिसत होता. "राजसी, जिल्हा पक्का!" मागच्या बाकावरून सुनेत्रा ओरडली. टाळ्याच टाळ्या.

राजसी मात्र आकड्यांकडे बघत होती. "हा फरक एकट्या शलाकामुळे पडलाय. तुला त्या दिवशी बरं नव्हतं का गं?"

हे असलं गोड विचारणं! टाळ्यांपेक्षा तेच झोंबलं. हिने जिंकायचं, तेही माझ्या जिवावर? शलाका ताडकन उठली. "मी मुद्दाम चुकले. मला सगळे शब्द येत होते."

आता ही रडणार, शलाका वाट बघत राहिली.

राजसीने फळ्यावरचा आलेख पुसून टाकला. "मग तुझे तीन शब्द वगळले की फरकच नाही. आपल्या एवढ्याशा प्रयोगात ब्राह्मीचा उपयोग दिसला नाही. मॅडम, असंच लिहू?"

"असंच लिही. आणि हेच जिल्ह्याला जाईल."

झोपलेलं प्रोजेक्टही जिल्ह्याला जातं? शलाकाने कपाळावर हात मारला.

"तू पण चल," राजसी म्हणाली. "कुणी मुद्दाम चुकलं तर काय, असं परीक्षक विचारतीलच. तुझ्याइतकं झकास कोण सांगणार?"

वर्ग खो खो हसला.

"येईन," शलाका फणकारली. "पण बोर्डवर माझं नाव तुझ्या वर पाहिजे."

"खाली."

"शेजारी!"